प्रदेशाची सीमा आणि विकासाचे माप

शाळेच्या नकाशात जिल्ह्यांच्या सीमा ठळक रेषांनी दाखविलेल्या असतात. लहानपणापासून त्या पाहत आल्यामुळे नदी किंवा डोंगर यांप्रमाणेच त्याही भूमीवर उमटलेल्या असाव्यात असा आपला समज होऊन बसतो. वस्तुतः सारावसुली, न्यायदान किंवा बंदोबस्त यांच्या सोयीसाठी केव्हातरी त्या आखल्या गेल्या. पुढे त्याच सीमांच्या आत माणसे मोजली गेली, शाळा व दवाखाने मोजले गेले, दरडोई उत्पन्न काढले गेले, आणि त्या आकड्यांच्या आधारे अमुक भाग पुढारलेला व तमुक भाग मागासलेला असे निर्णय होऊ लागले. एका कामासाठी आखलेली रेषा दुसऱ्याच कामासाठी वाचली जाऊ लागली म्हणजे काय घडते? विद्यापीठात मानवी भूगोल व प्रादेशिक विकास या विषयांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो. प्रस्तुत पुस्तिकेत त्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मानवी भूगोल म्हणजे माणसे कोठे व कशी राहतात, कोणती कामे करतात, आणि त्यांच्या राहण्याने भूमीवर व भूमीमुळे त्यांच्यावर काय परिणाम होतो याचा अभ्यास. आपल्या देशातील विद्यापीठांत या विचाराचे एक बीज मुंबईत पडले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक झाले. गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. स्थळ, काम व लोक या तिहींचा विचार एकत्रच केला पाहिजे, आणि तो पुस्तकांआधी गावातून पायी हिंडून केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे दिल्ली विद्यापीठात १९५९ साली भूगोलाचा विभाग निघाला. १९७१ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रादेशिक विकासाच्या अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, आणि तेथे भूगोल, अर्थशास्त्र व लोकसंख्याशास्त्र ही एका छपराखाली शिकविली जाऊ लागली.

येथे शब्दाविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. इंग्रजीतील ‘रीजन’ या संज्ञेसाठी मराठीत प्रदेश, विभाग, क्षेत्र असे निरनिराळे शब्द वापरले जातात. ते समानार्थी मानणे बरोबर नाही. ‘विभाग’ म्हटले की कोणीतरी मुद्दाम पाडलेला भाग डोळ्यांपुढे येतो. ‘प्रदेश’ म्हटले की आधीपासूनच असलेली, स्वतःचे रूप असणारी भूमी. या लेखात ‘प्रदेश’ हाच शब्द योजिला आहे. परंतु त्याच्या या ध्वनीपासून वाचकांनी सावध राहावे. प्रदेश आधीपासून असतो की आपण तो पाडतो, हाच तर वादाचा मुद्दा आहे.

सरासरी काय लपविते

आधी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात दोनच तालुके आहेत असे समजा. एक शहरी तालुका, त्यात १ लाख घरे. दुसरा डोंगरी, त्यात १० हजार घरे. शहरी तालुक्यात शंभरांपैकी ९० घरांत नळाचे पाणी आहे, डोंगरी तालुक्यात केवळ २० घरांत. संपूर्ण जिल्ह्याचे प्रमाण काढल्यास ते शेकडा सुमारे ८४ येते. हा आकडा पाहून जिल्ह्याची स्थिती उत्तम आहे असेच कोणीही म्हणेल. आता डोंगरी तालुक्यात पुष्कळ खटपट होऊन तेथील प्रमाण २०वरून ३०वर गेले असे धरा. तेथील माणसांच्या दृष्टीने हा मोठाच पालट होय. परंतु जिल्ह्याचा आकडा एका अंकानेही वाढत नाही. उलट डोंगरी तालुक्यात काहीच झाले नाही, तरीही जिल्ह्याच्या आकड्याला त्याची खबर लागत नाही.

हे केवळ वहीतील गणित नव्हे. महाराष्ट्रातील जुना ठाणे जिल्हा २०११च्या जनगणनेत भारतातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक. मुंबईला लागून असलेली ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांसारखी शहरे व त्यांतील कारखाने याच जिल्ह्यात असल्यामुळे राज्यातील संपन्न जिल्ह्यांत त्याची गणना होई. त्याच जिल्ह्याच्या ईशान्येकडील डोंगरात जव्हार व मोखाडा हे आदिवासी तालुके होते. २०११ साली जव्हारची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार व मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्ही मिळून जिल्ह्यातील शंभर माणसांत दोन. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि सारे राज्य हळहळले. राज्यातील एका धनवान जिल्ह्यात हे घडले याचे अनेकांना आश्चर्य वाटले. भूगोलाच्या विद्यार्थ्याला मात्र आश्चर्य वाटावयाचे कारण नाही. जिल्ह्याच्या सरासरीत त्या डोंगरातील पाड्यांना बोलावयास जागाच नव्हती.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. शासकीय कचेऱ्या जवळ आल्या, हा लाभ खरा. पण मापनाचा प्रश्न सुटला काय? २०११च्या जनगणनेनुसार या नव्या जिल्ह्याच्या क्षेत्रातील लोकसंख्या सुमारे ३० लाख भरते, आणि त्यांतील १२ लाखांहून अधिक लोक एकट्या वसई-विरार शहरात राहत होते. म्हणजे शंभरांत चाळीस माणसे पुन्हा मुंबईच्या उपनगरी गाडीवर अवलंबून असलेली. जव्हार-मोखाड्याचा वाटा दोनावरून सातआठांवर आला, एवढेच.

अशा आकड्यांवर पैशाचे वाटप अवलंबून असते, म्हणून हा वाद विद्यापीठाच्या चार भिंतींत राहत नाही. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली व १९८४ साली तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढावयाची आणि जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे त्याचा ‘अनुशेष’ समजावयाचा, ही तिची रीत. सर्व जिल्ह्यांचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठी राजकारणात असा काही रुळला की आज खेड्यातला माणूसही तो सहज वापरतो. परिभाषेतील फार थोड्या शब्दांच्या वाट्याला असे भाग्य येते. या रीतीत तुटीचे माप जिल्हा होता. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यातील मागासलेल्या तालुक्याला तिच्यात स्वतःचा असा अनुशेष असू शकत नव्हता. पुढे २०११ साली नेमलेल्या व २०१३ साली अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीने तालुका हे एकक धरले, ते या अनुभवानंतर.

राष्ट्राच्या पातळीवरही असाच प्रयत्न पूर्वी झाला होता. १९६१च्या जनगणनेचे प्रमुख अशोक मित्र यांनी देशातील जिल्ह्यांची विकासाच्या चार पातळ्यांत वर्गवारी केली. भारताच्या नकाशावर विकासाचे चढउतार त्यामुळे प्रथमच इतक्या बारकाईने दिसले. त्या कामाचे मोल मोठे आहे. तथापि एकक जिल्हाच होते, हे नकाशा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

एकक लहान केले म्हणजे भागते काय?

तालुका घेतल्याने जिल्ह्यात दडलेले दिसू लागते, मग गाव घेतल्याने तालुक्यात दडलेलेही दिसेल, असा साधा तर्क येथे सुचतो. तो अर्धवट खरा आहे. गावाच्या सरासरीतही वाडी व वस्ती दडलेली असतेच. पण याहून गंभीर अशी एक अडचण संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेली आहे.

१९५० साली डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने आपल्या देशाच्या १९३०च्या जनगणनेतील दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या : परदेशांत जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरांचे प्रमाण. राज्यवार आकडे घेतले तेव्हा, ज्या राज्यात परदेशी जन्माचे लोक अधिक तेथे निरक्षरता कमी, असे आढळले. सहसंबंध गुणांक उणे ०.५३ आला. हा गुणांक अधिक एक ते उणे एक यांच्या दरम्यान असतो. उणे म्हणजे एक गोष्ट वाढली की दुसरी घटते. एवढ्यावरून बाहेरून आलेले लोक स्थानिकांपेक्षा अधिक साक्षर होते असा निष्कर्ष कोणीही काढला असता. पण रॉबिन्सनने राज्ये बाजूला ठेवून व्यक्तींचे आकडे पाहिले, तेव्हा गुणांक अधिक ०.१२ निघाला. म्हणजे परदेशांत जन्मलेले लोक स्थानिकांहून किंचित अधिक निरक्षर होते! उलगडा असा : हे आगंतुक लोक अशा राज्यांत जाऊन वसले होते, जेथील मूळ रहिवाशांत साक्षरता आधीच जास्त होती. राज्याचा आकडा खोटा नव्हता. तो राज्याविषयी बोलत होता, आणि वाचणारा तो माणसांविषयी समजत होता.

याच्या पुढचे पाऊल १९७९ साली स्टॅन ओपनशॉ व पीटर टेलर यांनी टाकले. अमेरिकेतील आयोवा या राज्यात ९९ परगणे आहेत. वृद्धांचे प्रमाण व एका राजकीय पक्षाला पडलेली मते यांचा संबंध त्यांनी या परगण्यांवरून तपासला. मग तेच परगणे निरनिराळ्या तऱ्हांनी एकत्र जोडून मोठे गट बनविले व पुनःपुन्हा तोच हिशेब केला. मूळ आकडे तेच, राज्य तेच, माणसे तीच. केवळ सीमा बदलत गेल्या. गुणांक जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत कोठेही नेता येतो, असे त्यांना आढळले. ज्याला जे सिद्ध करावयाचे त्याने तशा सीमा आखाव्यात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आपला निष्कर्ष सीमा बदलल्यावर टिकतो की नाही, हे संशोधकाने स्वतःच तपासून पाहिले पाहिजे आणि जो टिकत नाही तो तसे सांगूनच मांडला पाहिजे, हा त्याचा अर्थ होय. प्रबंध लिहिणारे पुष्कळ विद्यार्थी, आणि काही मार्गदर्शकही, ही तपासणी टाळतात. एकदा तक्ता तयार झाला की तो पुन्हा विस्कटावयास मन धजत नाही.

बाजाराची वाट

मग माणसे स्वतः ज्या प्रदेशात वावरतात तो प्रदेश शोधता येईल काय? वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतील गावांविषयी ग्रंथ लिहिला, त्यात या दिशेने एक मार्ग निघाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक वस्तूसाठी माणूस किती लांब जाईल याला एक मर्यादा असते. मिठासाठी कोणी दहा कोस चालणार नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पन्नास कोसही जाईल. दुसऱ्या बाजूने, दुकान किंवा दवाखाना चालावयाचा तर त्याला किमान काही गिऱ्हाईक हवे. या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून लहान बाजारगावे, मोठी गावे व शहरे यांची उतरंड निर्माण होते, आणि प्रत्येक मध्यवर्ती स्थानाभोवती त्याचा प्रदेश तयार होतो. कोणते स्थान किती मध्यवर्ती आहे हे ठरविण्यासाठी ख्रिस्टालरने तेथील दूरध्वनी मोजले होते.

हा सिद्धांत जगभर शिकविला जातो, पण त्याच्या कर्त्याचे पुढील आयुष्य सहसा शिकविले जात नाही. १९४० नंतर ख्रिस्टालर नाझी राजवटीच्या नियोजन कचेरीत काम करू लागला. पोलंडचा जो भाग जर्मनीने बळकावला होता, तेथे जर्मन वसाहतींची नवी उतरंड कशी बसवावी याचे आराखडे त्या कचेरीत होत असत. तेथे आधीपासून राहणाऱ्या पोलिश व ज्यू माणसांना त्या आराखड्यांत स्थान नव्हते. त्यांना हाकलून लावण्याचे व मारण्याचे काम इतर खाती करीत होती. गावांतील संबंध समजून घेण्यासाठी काढलेला नकाशा कोऱ्या कागदावरील हुकूमनामा झाला. विद्यार्थ्याने षट्कोनांची आकृती वहीत काढताना हे जाणून असावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ख्रिस्टालरची कल्पना शेतकरी समाजाला लावून पाहण्याचे सर्वांत सुंदर काम चीनविषयी झाले. जी. विल्यम स्किनर हा तरुण अमेरिकी मानवशास्त्रज्ञ १९४९-५० साली सिचुआन प्रांतात चेंगडू शहराजवळील काओ-तिएन-त्झू या बाजारगावी राहिला. तेथील बाजार दहा दिवसांच्या चक्रात तीनदा भरत : एका गावी १, ४, ७ या तिथींना, तर शेजारच्या गावी २, ५, ८ किंवा ३, ६, ९ या तिथींना, म्हणजे फेरीवाल्यांना एकामागून एक बाजार करता यावेत. शेतकऱ्याचे जग त्याच्या खेड्याएवढे असते, हा तोवरचा समज स्किनरने १९६४-६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात खोडून काढला. त्याच्या हिशेबाने ते जग एका बाजाराएवढे असते : सुमारे अठरा खेडी, दीड हजार कुटुंबे आणि पन्नास चौरस किलोमीटर भूमी. काओ-तिएन-त्झूचा शेतकरी पन्नाशीला येईतो तीन हजार वेळा बाजाराला जाऊन आलेला असे. सोयरिकी तेथे जुळत, उसनवारी तेथे होई, वजनेमापेसुद्धा बाजारागणिक बदलत. सरकारी नकाशात या प्रदेशाची सीमा कोठेच नव्हती.

मराठी वाचकाला हे ऐकून ‘पंचक्रोशी’ हा आपला जुना शब्द आठवेल. गावाभोवतालचा पाच कोसांचा परिसर, जेथील माणसे एकमेकांना ओळखतात व एकाच आठवडे बाजाराला जातात, तो जिल्हा-तालुक्यांच्या रेषा न जुमानता अस्तित्वात असतो.

भारतात या विचाराचा उपयोग नियोजनासाठी करून पाहण्यात आला. हैदराबादच्या राष्ट्रीय समुदाय विकास संस्थेत ललित सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नलगोंडा जिल्ह्यातील मिर्यालगुडा तालुक्याची पाहणी करून १९७१ साली ती प्रसिद्ध केली. हा तालुका तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आज तो भाग तेलंगणात आहे. कोणत्या गावाची माणसे कोणत्या कामासाठी कोठे जातात हे पाहून नव्या सोयी कोठे केल्यास अधिकांत अधिक लोकांना त्या गाठता येतील, याचा विचार तीत आहे. प्रत्येक गावाला प्रत्येक सोय देणे शक्य नसते. तेव्हा ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या वशिल्याने न ठरता प्रवासाच्या मापाने ठरावे, ही त्यामागील दृष्टी.

तरीही बाजाराने आखलेला प्रदेश हा काही सर्वांचा प्रदेश नव्हे. स्किनरच्या मोजणीत बाजाराच्या गल्लीत एकमेकांना भेटणारे कुटुंबप्रमुख पुरुष होते. त्या घरांतील स्त्रियांची वाट पाणवठ्याकडे, रानाकडे व माहेराकडे जाणारी. तिचा नकाशा निराळा निघाला असता. ज्याच्याजवळ विकावयास काही नाही अशा मजुराचा नकाशा आणखी निराळा, आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबाचा तर वर्षातून दोनदा बदलणारा.

आरंभ कोठून करावा

विद्यापीठात गेल्यावर नकाशा काढणे व वाचणे, संख्याशास्त्र, उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांचे वाचन व संगणकावरील नकाशाशास्त्र हे सर्व शिकावे लागते आणि ते शिकविलेही जाते. त्याविषयी येथे विस्तार नको. जे पुस्तकांत कमी सापडते ते माणसांना प्रश्न विचारण्याचे शिक्षण. ‘तुमचे उत्पन्न किती?’ असे विचारले तर खेड्यात कोणीही खरे उत्तर देणार नाही, कित्येकदा त्याला ते ठाऊकही नसते. ‘गेल्या दिवाळीपासून घरात काय काय विकले?’ असे विचारले तर तासभर बोलेल. यासाठी त्या भागाची बोली यावी लागते. निदान ती ऐकून घेण्याचा धीर तरी असावा लागतो.

शाळेतील विद्यार्थ्यालाही याचा आरंभ करता येईल. जनगणना खाते प्रत्येक जिल्ह्याची माहितीपुस्तिका प्रसिद्ध करते. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे अभ्यासकांना दीर्घकाळ २०११च्या पुस्तिकेवरच काम भागवावे लागले आहे. तीत गावनिहाय तक्ते असतात : गावात शाळा आहे काय, दवाखाना आहे काय, बस येते काय. सोय गावात नसेल, तर ती किती दूर आहे हे अंतराच्या तीन वर्गांनी दाखविलेले असते : पाच किलोमीटरांच्या आत, पाच ते दहांच्या दरम्यान, आणि दहांच्या पलीकडे. आपल्या तालुक्याचा नकाशा घेऊन दवाखान्यापुरते हे तीन वर्ग तीन रंगांनी भरावेत. एका दुपारचे काम आहे.

रंग भरून झाल्यावर तिसऱ्या वर्गाकडे पुन्हा पाहावे. त्यात अकरा किलोमीटरांवर दवाखाना असलेले गाव आहे आणि चाळीस किलोमीटरांवर असलेलेही आहे. तक्त्यात दोघांपुढे एकच अक्षर. पहिल्या वर्गातले एखादे गाव नदीच्या पैलतीरावर असेल, तर पावसाळ्यात त्याचे चार किलोमीटर किती होतात हेही तेथे लिहिलेले नसते. अशी दोन गावे निवडावीत, बाजाराच्या दिवशी तेथे जावे, आणि गेल्या श्रावणात घरात कोणी आजारी पडले होते काय, त्याला कोठे नेले, कोणी नेले व पोहोचावयास किती वेळ लागला, हे घरोघर विचारून नकाशाच्या कडेला टिपून ठेवावे.